पाहुण्याच्या वाट्याचं हाड

मेदेरनं ती डबी घ्यायचं ठरवलं तेव्हा त्याच्या डोक्यात फक्त गिटार होती. पुढं या प्रकरणात एक रुसलेले आजोबा, मॉस्कोत शिवणयंत्रावर बसलेली बायको आणि मेंढ्याच्या कमरेचं हाड येऊन पडणार आहे, असं कुणी आधी सांगितलं असतं तर त्यानं ती घेतलीच नसती. (घेतली असती. पण निदान हळू वाजवली असती.)

डबी म्हणजे गिटारचं डिले पेडल. साबणाच्या डबीपेक्षा थोडं मोठं, लोखंडी. गिटारची वायर तिच्यात खुपसायची, तिच्यातून स्पीकरला न्यायची आणि पायानं खटका दाबायचा. मग तुम्ही एक सूर वाजवलात की डबी थोड्या वेळानं तो परत म्हणते. मग पुन्हा म्हणते, जरा हळू. मग आणखी हळू, आणि मग गप्प होते. अशा डब्या बिश्केकच्या बाजारात मोज्यांच्या शेजारी मिळतात. मेदेरला मात्र हवी होती ती परदेशातल्या एका छोट्या कारखान्यात हातानं जोडलेली, जुन्या पद्धतीची, अ‍ॅनालॉग. किंमत चांगल्या पोसलेल्या मेंढ्याएवढी.

"माझ्या फोनमध्ये हे फुकट आहे," इशेन म्हणाला. लग्नाच्या बॅंडमध्ये मेदेर गिटार वाजवायचा आणि इशेन कीबोर्ड. दोघं चहाच्या दुकानात बसले होते.

"फोनमधलं हुबेहूब असतं," मेदेर म्हणाला.

"मग चांगलंच की."

"पोपट असतो रे तो! तू म्हणालास सलाम, तो म्हणाला सलाम. त्याला कळलं काय? ही डबी ऐकून बोलते. हे बघ, कुठं आग लागली की माणसं रांगेत उभी राहून बादल्या पुढं देतात ना? हिच्या आत तशी हजारो इवल्याशा बादल्यांची रांग आहे. सूर एकीतून दुसरीत ओतला जातो, दुसरीतून तिसरीत, आणि दर वेळी थोडा सांडतो. म्हणून तो परत येतो तेव्हा मऊ झालेला असतो. दमलेला. माणसासारखा."

इशेननं चहाचा वाडगा खाली ठेवला. "म्हणजे जी सांडत नाही ती फुकट, आणि जी सांडते तिला मेंढा?"

"हो."

"सांडण्याचे पैसे?"

"हो म्हटलं ना!"

"माझी आजी रोज चहा सांडते," इशेन म्हणाला. "तिला विचारून बघतो, काही भाव येतो का."

मेदेरला पटवून देता आलं नाही, कारण खरं कारण त्याचं त्यालाच नीट माहीत नव्हतं. त्या डबीचा आवाज त्यानं एका व्हिडिओत ऐकला होता. ऐकता ऐकता त्याला एकदम आपल्या स्वयंपाकघराचं दार आठवलं. गिटारच्या पेडलचा आणि स्वयंपाकघराच्या दाराचा संबंध काय, ते त्याला सांगता येईना. पण दार आठवलं, एवढं खरं.

बायकोला, पेरिझातला, सांगणं भाग होतं. ती दोन वर्षांपूर्वी मॉस्कोला शिवणकारखान्यात गेली, आणि दर वसंतात परत येणार होती, पण आली नव्हती. दर रविवारी तिचा फोन यायचा. सुरुवातीला तासभर चालायचा, मग चहा संपेपर्यंत, मग चहा निवेपर्यंत. मेदेरनं डबीची बाजू मांडायला जय्यत तयारी केली होती: टिकाऊ आहे, विकली तरी किंमत येते, लग्नांत भाव वाढेल, शेजाऱ्याची गाडी तर याच्या कितीतरी पट महाग आहे. हे सगळं त्यानं आरशासमोर म्हणूनही पाहिलं होतं.

"मी एक पेडल घेतलं," तो म्हणाला. "महाग आहे."

"बरं," पेरिझात म्हणाली. "घर तापवायचं गरम पाणी सोडलं का पाइपात?"

"सोडलं. खूपच महाग आहे, पेरिझात."

"बरं. मोजे घालत जा. ठेवते, कारखान्यातली पाळी सुरू होतेय."

ती भांडलीसुद्धा नाही. एवढे चांगले मुद्दे वाया गेले होते.

डबी आली ती नोव्हेंबरात. आमच्याकडं नोव्हेंबर म्हणजे सोगूम. हिवाळ्यासाठी घरोघर जनावर कापलं जातं, आणि आज या घरी, उद्या त्या घरी असं साऱ्या जिन्याला, म्हणजे एका जिन्यावरच्या सगळ्या घरांना, जेवायला बोलावणं येतं. या जेवणात आपल्या हातानं मांस उचलायचं नसतं. प्रत्येकाचं हाड ठरलेलं असतं. सगळ्यांत थोर पुरुषाला कमरेचं, थोर बाईला शेपटाजवळचं, त्यांच्याखालच्यांना नळ्या, मग फरा, आणि पोरासोरांना बरगड्या. हाड चुकलं तर माणसं वर्षानुवर्षं बोलत नाहीत. मेदेर चाळिशीला टेकला होता, त्याला नळी मिळायला हवी होती. पण पेरिझात गेल्यापासून तो जोडीनं येत नव्हता, आणि बायको असून एकट्या आलेल्या पुरुषाला कुठं बसवायचं हे कुणालाच ठरवता येईना. म्हणून तो दाराजवळ, चपलांच्या शेजारी, पोरांच्या ओळीत. बरगडी. गेल्या वर्षी तर शेजारच्या पोरानं त्याला आपल्या बरगडीतला तुकडा देऊ केला होता, दयेनं.

यंदा जायचंच नाही, असं ठरवून तो पहिल्या जेवणाला घरीच राहिला आणि डबी जोडून बसला.

त्यानं चार सूर वाजवले आणि हात उचलला. डबीनं ते चार सूर परत म्हटले. जरा मागून, जरा खालच्या आवाजात, कडा झिजलेले. मग पुन्हा. मेदेरनं पुढची ओळ वाजवली. डबीनं तीही ऐकून घेतली आणि आपल्या परीनं सांगितली. बाहेर अंधारून येत होतं. त्यानं दिवा लावला नाही. बऱ्याच महिन्यांत त्याच्या घरात कुणी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

आता त्या इमारतीत घरं तापवणारा गरम पाण्याचा पाइप सगळ्या मजल्यांवरून जातो, आणि तो पाणी जेवढं नेतो त्याहून जास्त बातम्या नेतो. मेदेरच्या खाली बुरूल एजे राहायच्या. साऱ्या जिन्याच्या थोरल्या बहीण, म्हणून एजे. दुसऱ्या संध्याकाळी त्या झाकलेलं ताट घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"कोण आलंय रे?"

"कुठं?"

"तुझ्या घरी, अजून कुठं?"

"कुणी नाही, एजे."

"मी बहिरी वाटले का तुला? उभा जन्म ट्रॉलीबस चालवली मी. मागच्या दारानं कोण फुकट्या चढला ते मला पुढं बसून ऐकू यायचं. दोघं वाजवताय तुम्ही. एक तू. तुला ओळखते, इतकी वर्षं सोसतेय. दुसरा तुझ्या मागून वाजवतो. मवाळ आहे बिचारा. तुझं सगळं ऐकून घेतो, मग बोलतो. कुठं थांबायचं ते त्याला कळतं." एजेंनी जरा विचार केला. "खरं सांगू? तुझ्याहून बरा वाजवतो."

"एजे, तो पाहुणा नाहीच, ती एक—"

एजेंनी ताटावरचं फडकं उचललं. मांसाची वाफ मेदेरच्या तोंडावर आली. त्यानं सकाळपासून पाव आणि चहा घेतला होता.

"जिन्यात पाहुणा आलाय आणि तो सोगूमचं जेवला नाही, हे मला चालणार नाही," एजे म्हणाल्या. "एवढं सांग, थोर आहे की धाकटा? दोन्ही आणलंय. नळी पण आहे, बरगडी पण आहे."

मेदेरनं प्रामाणिकपणे विचार केला. (एवढाच प्रामाणिकपणा त्या दिवशी झाला.) डबी मागून बोलते, म्हणजे धाकटी. पण आवाज घोगरा, दमलेला, म्हणजे थोर.

"थोर आहेत," तो म्हणाला.

एजेंनी नळी ठेवली आणि बरगडी परत नेली. मेदेरनं दार लावलं, डबीशेजारी बसून नळी खाल्ली आणि मगज चोखता चोखता ठरवलं की उद्या खरं सांगून टाकायचं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात सगळे त्याच्याशी बोलले! चौथ्या मजल्यावरची बाई, जी त्याला नुसती मान हलवायची, ती म्हणाली, "पाहुणे बरे आहेत ना?" कचऱ्याची बादली नेणारा म्हणाला, "कुठले रे तुमचे पाहुणे?" मेदेर म्हणाला, "नारीनकडचे." असं कुणी विचारलं की माणूस सांगत जातो. पाहुण्यांचे गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही, हे त्यानं दुसऱ्या मजल्यावर सांगितलं. फार बोलत नाहीत, बायको गेल्यापासून गप्पच असतात, हे पहिल्या मजल्यावर. वय सत्तरीच्या पुढं, हे अंगणात. अंगणात यायला नको होतं.

कारण अंगणात शार्शेन आजोबा बसायचे. ते त्या जिन्यातले सगळ्यांत थोर, म्हणून कमरेचं हाड गेली कित्येक सोगूमं त्यांचं.

"सत्तरीच्या किती पुढं?" आजोबांनी विचारलं.

मेदेरनं म्हणायला हवं होतं, 'थोडेसेच.' पण आजोबांनी आजवर त्याला कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्याला मोठं उत्तर द्यावंसं वाटलं. "ऐंशी," तो म्हणाला. "झाली असतील."

आजोबा एकोणऐंशीचे होते.

त्यानंतरच्या जेवणात कमरेचं हाड पिशवीत बांधून वर मेदेरच्या घरी गेलं, आणि शार्शेन आजोबांसमोर नळी आली. आजोबांनी ती खाल्ली नाही. नळीकडं बघत बसले. पुढच्या घरीही तेच झालं. मेदेर मात्र रोज संध्याकाळी डबीसमोर कमरेचं हाड खात होता आणि त्याच्या अंगाला दोन वर्षांत पहिल्यांदा मांस धरत होतं. हे सगळं फार दिवस चालणार नाही, हे त्याला कळत होतं. पण खरं सांगितलं की पुन्हा चपलांशेजारची जागा, आणि जिन्यात नुसत्या हलणाऱ्या माना.

मग फोन आला. रविवार नव्हता, पेरिझातचा फोन मधल्या वारी आला. मेदेरच्या काळजानं आनंदानं उडी घेतली, आणि ती बोलू लागल्यावर ते तिथंच अडकलं.

"घरात कोण आहे?"

"पाहुणे आहेत एक. म्हातारे."

"बुरूल एजे काय सांगतात माहीत आहे? म्हणतात, इतकं हळू, इतकं मागून, इतकं समजून कुठलाही पुरुष वाजवत नाही. ती बाई आहे, म्हणतात. म्हातारा म्हणून हाडं खायला घालतोय तिला."

"अगं, बाई कसली!"

"मग दे फोन त्यांना."

"ते... झोपलेत."

"संध्याकाळी पाच वाजता?"

"म्हातारे आहेत ना."

पलीकडं शिवणयंत्रं खडखडत होती. मग ती म्हणाली, आणि हे म्हणताना भांडली नाही, तेच वाईट होतं, "मेदेर, शुक्रवारी एजेंकडं सोगूम आहे. त्या मला फोनवर घेणार आहेत. पाहुण्यांना खाली घेऊन ये, मला बघू दे. नाही आणलंस, तर वसंतात माझी वाट बघू नकोस. मी इथंच राहीन. तुझी सोय झालेलीच आहे."

मेदेर इशेनकडं गेला. इशेननं सगळं शांतपणे ऐकलं.

"फोनमधलं फुकटचं घेतलं असतंस," तो म्हणाला, "तर सगळ्यांना कळलं असतं की मशीन आहे."

"तेच तर सांगत होतो मी तुला!" मेदेर ओरडला. एवढ्या संकटातही, आपला मुद्दा खरा ठरल्याचं त्याला थोडं बरं वाटलं.

शुक्रवारी बुरूल एजेंच्या घरी जमिनीवर लांबलचक दस्तरखान अंथरलं होतं. त्यावर तळलेल्या पिठाच्या बोरसोकांच्या राशी, चहा, मांसाची परात. दारापासून लांब, समोरच्या भिंतीकडची मानाची जागा रिकामी होती, तिथं नवी गादी टाकलेली, आणि तिच्यासमोर ताटात कमरेचं हाड. शेजारी शार्शेन आजोबा, काठीवर हनुवटी टेकून. बोरसोकांच्या वाडग्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये पेरिझात. कामावरच्या रुमालातच होती ती. किती दिवसांत मेदेरनं तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता.

मेदेर आत आला. एका हातात गिटार, दुसऱ्यात छोटा स्पीकर, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी.

"पाहुणे कुठं आहेत?" एजेंनी त्याच्या मागं जिन्यात डोकावून पाहिलं.

"आणलेत," मेदेर म्हणाला. तो मानाच्या जागेपर्यंत गेला, टॉवेल सोडला आणि डबी गादीवर ठेवली.

कुणीतरी चहाचा घोट गिळल्याचा आवाज आला.

"हेच," मेदेर म्हणाला. "दुसरं कुणी नाही. हे मी वाजवलेलं परत वाजवतं. थोड्या वेळानं."

"म्हणजे दुसरा पण तूच?" एजे.

"हो. मीच, जरा उशिरानं."

"आणि नारीन? गुडघे?"

"नाहीत."

एजे हळूहळू खाली बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकत गेली, आणि शेवटी त्या खऱ्या मुद्द्याला आल्या. "मग हाडं कोणी खाल्ली?"

"मी."

साऱ्या खोलीनं श्वास आत घेतला. खोटं बोलणं माणसाच्या हातून होतं. पण ऐंशीच्या माणसाचं कमरेचं हाड चाळिशीच्या माणसानं, तेही घरी, एकट्यानं, दार लावून खायचं!

"मी," शार्शेन आजोबा काठीवर उठत म्हणाले, "मी, एकोणऐंशी वर्षांचा माणूस, या साबणाच्या डबीपायी नळी चघळत होतो?"

"आजोबा, माझं चुकलं."

"ही डबी माझ्याहून एक वर्षानं मोठी?"

"गेल्या उन्हाळ्यात बनली असेल, आजोबा."

"वाजव," फोनमधून आवाज आला.

सगळे फोनकडं वळले. पेरिझातचा चेहरा दगडासारखा होता. "खरं बोलतोयस तर वाजवून दाखव. नाहीतर मी कसं मानू?"

मेदेर गादीपाशी गुडघ्यावर बसला. त्यानं वायरी जोडल्या, हातानंच खटका दाबला. काय वाजवायचं ते त्यानं ठरवलं नव्हतं. बोटांनी आपलं आपण एक लहानशी धून काढली, घरात उगाच वाजवायची तसली, तिला नाव नव्हतं. तो थांबला. आणि डबी मागून म्हणू लागली. हळू, खालच्या पट्टीत, जरा घोगरी, शेवटचा सूर अर्धवट सोडून. मग पुन्हा, जसं कुणी भिंतीपलीकडं जाऊन म्हणतंय.

फोनमध्ये पेरिझातनं रुमाल मागं सारला होता.

"ही तर मी आहे," ती म्हणाली.

"काय?" एजे म्हणाल्या.

"तू बाहेर वाजवायचास आणि मी स्वयंपाकघरात कणीक मळताना मागून म्हणायचे. हेच. असंच, मागं मागं राहत. शेवटचा सूर मला कधी यायचा नाही."

मेदेरला तेव्हा ते दार आठवलं. अर्धं उघडं असायचं ते, म्हणून आवाज असा मऊ होऊन यायचा. दोन वर्षं त्याला वाटत होतं की त्याला चांगला डिले हवा आहे.

"मेदेर," पेरिझात म्हणाली, "मी फुकट म्हणायचे रे."

आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर हात धरून, मग हात सोडून, मग डोळे पुसत. मागची शिवणयंत्रं थांबली. कुणीतरी तिला विचारलं काय झालं, आणि तिला सांगता येईना. मेदेर इकडं डबीशेजारी बसून ते हसणं ऐकत राहिला. एवढा लांब फोन कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

शार्शेन आजोबांनी कमरेचं हाड आपल्याकडं ओढलं आणि मगच बसले.

आता रविवारचे फोन पुन्हा तासभर चालतात. पेरिझात म्हणते, "त्याला दे." मेदेर फोन स्पीकरपाशी ठेवतो, एक ओळ वाजवतो आणि हात उचलतो. दोन ओळी सलग वाजवल्या तर ती रागावते: "तूच काय बोलत सुटलायस? त्याला बोलू दे की." मग दोघंही तो आवाज विरेपर्यंत गप्प बसतात, ती तिकडं, तो इकडं. संपलं असं वाटून मेदेर काही बोलायला जातो, तर ती म्हणते, "थांब, अजून आहे." ठेवताना ती पाहुण्याला सलाम सांगते. मेदेर तो पोचवतो. डबीला माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण निरोप निरोपच असतो.

वसंतातलं तिकीट तिनं काढलं आहे. किती दिवसांसाठी, ते त्यानं विचारलेलं नाही.

आणि सोगूमचं शेवटचं जेवण झालं तेव्हा बुरूल एजेंनी सगळ्या जिन्यादेखत निवाडा केला. एकदा पाहुणा म्हणून मान दिला तो काही परत घेता येत नाही; तेव्हा डबीला नळी, वरच्या ओळीत, गादीसकट. मेदेर दाराजवळ, चपलांशेजारी. त्यालाही एक बरगडी मिळाली. तीसुद्धा, एजे म्हणाल्या, पाहुण्याच्या सोबत आला म्हणून.